फॉल्सम स्ट्रीटची जत्रा: लेदरच्या आधी घरांचं भांडण

मेघदूत_४१५

त्या दुसऱ्या धाग्यावर "सॅन फ्रान्सिस्कोतली ती नागड्यांची जत्रा" असा उल्लेख आला आणि पुढचे सगळे प्रतिसाद त्या एका शब्दावरून घसरत गेले. म्हणून इथे वेगळं लिहितो. विषय प्रौढांचा आहे, पण चावट वाचायला आलेल्यांची निराशा होईल.

फॉल्सम स्ट्रीट फेअर म्हणजे लेदर (चामडी पोशाखाभोवती जमलेली, मुळात समलिंगी पुरुषांची संस्कृती) आणि किंक (रूढ चौकटीबाहेरची लैंगिक आवड) समुदायाची भर रस्त्यात भरणारी जत्रा. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. जागा साउथ ऑफ मार्केट, म्हणजे 'सोमा'. फॉल्सम स्ट्रीट आठव्या रस्त्यापासून तेराव्या रस्त्यापर्यंत बंद होतो. गर्दीचा आकडा आयोजक अडीच लाखांच्या घरात सांगतात. पहिली जत्रा १९८४ साली भरली आणि तिचं नाव होतं 'मेगाहूड'. नेबरहूडमधला हूड, म्हणजे भलीमोठी वस्ती. नावात लेदर नाही की किंक नाही. असं का, हे कळलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो.

सोमात तेव्हा खोल्यांची हॉटेलं होती. एक खाट, एक बेसिन, संडास-न्हाणी मजल्यावर सामायिक. राहणारे बहुतेक एकटे म्हातारे पुरुष: निवृत्त खलाशी, गोदी कामगार, छापखान्यातले लोक. शिवाय फिलिपिनो कुटुंबं. १९६६ मध्ये शहरानं 'येर्बा बुएना' पुनर्विकासाचा आराखडा मंजूर केला आणि ही हॉटेलं पाडायला सुरुवात झाली. १९६९ मध्ये भाडेकरूंनी 'टूर' नावाची संघटना काढली. जॉर्ज वुल्फ आणि पीटर मेंडेलसन हे तिचे म्होरके, दोघेही जुने युनियनवाले. पुनर्वसनाची धड सोय नाही म्हणून हे लोक कोर्टात गेले. १९७० मध्ये फेडरल न्यायाधीशानं काम थांबवलं, १९७३ मध्ये तडजोड झाली. शहरानं हॉटेलांवरचा कर वाढवून त्या पैशातून परवडणारी घरं बांधून द्यायची आणि ती भाडेकरूंच्याच ना-नफा संस्थेनं चालवायची, असं ठरलं. ती संस्था 'टॉडको'. तिची पहिली इमारत 'वुल्फ हाउस' १९७९ मध्ये उभी राहिली. त्याच पुनर्विकासातलं मॉस्कोनी कन्व्हेन्शन सेंटर १९८१ चं.

जत्रा सुरू करणारे दोघे, कॅथलीन कॉनेल आणि मायकेल व्हॅलेरिओ. व्हॅलेरिओ टॉडकोत काम करत होता. महापौर डायन फाइनस्टाइन, पुनर्विकास जोरात, बिल्डरांची नजर मॉस्कोनीच्या पश्चिमेकडे वळलेली, आणि त्यातच एड्सची साथ. इथे रिकामी गोदामं नाहीत, माणसं राहतात, हे सिटी हॉलला दाखवायचं. दुकानदार, म्हातारे, फिलिपिनो कुटुंबं, कलाकार आणि लेदरवाले एकाच रस्त्यावर उभे करायचे. वस्तीसाठी पैसे गोळा करायचे. आणि आजाराची माहिती जिथे पोचायला हवी तिथे पोचवायची, असा बेत होता. नमुना समोरच होता. समलिंगी कार्यकर्ता हार्वे मिल्कनं १९७४ मध्ये कॅस्ट्रो स्ट्रीट फेअर सुरू करून व्यापारी आणि समलिंगी मतदार एकत्र आणले होते.

---

गिरगावकर

म्हणजे आपल्याकडे गिरणगावात झालं तसंच. फक्त इथे चाळकऱ्यांनी जत्रा भरवली.

एक शंका. खलाशी, फिलिपिनो कुटुंबं समजलं. लेदरवाले त्याच गल्लीत कसे काय?

---

चर्मवाद्य

@गिरगावकर, कारण तेच, स्वस्त भाडं. शिवाय रात्रीचा शुकशुकाट.

लेदरचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोटारसायकल क्लबांत आहे. लॉस एंजेलिसमधला 'सॅटर्स' हा समलिंगी पुरुषांचा क्लब १९५४ चा. जाकीट, चॅप्स (पँटवरून चढवायचं चामडी आवरण), बूट हा आधी फटफटीवरून पडलं तर कातडी वाचवायचा पोशाख होता, ओळखीची खूण तो नंतर झाला. अशा लोकांना बार हवे होते, बाहेर दहा-वीस गाड्या लावायला जागा हवी होती आणि फटफटीच्या आवाजाची तक्रार करणारे शेजारी नको होते. सोमात दिवसा गोदामं, वर्कशॉप, छपाई. संध्याकाळी सहानंतर कुत्रंही नाही.

इथला पहिला लेदर बार 'टूल बॉक्स', चौथ्या रस्त्याच्या आणि हॅरिसनच्या कोपऱ्यावर, साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. चक आर्नेट नावाच्या चित्रकारानं त्याच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या रंगात पुरुषांच्या आकृत्या रंगवल्या होत्या. 'लाइफ' मासिकानं २६ जून १९६४ च्या अंकात अमेरिकेतल्या समलैंगिकतेवर मोठा लेख छापला, त्याची सुरुवात याच भिंतीच्या दोन पानी फोटोनं होते. मासिकाला धोक्याचा इशारा द्यायचा होता; देशभरातल्या एकट्यादुकट्यांना मात्र पत्ता मिळाला! गंमत पुढे आहे. बार बंद पडल्यावर पुनर्विकासात इमारत पाडली, पण चित्राची ती भिंत काही काळ तशीच उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावरून दिसत. @मेघदूत यांच्या दोन्ही गोष्टी, बार आणि बुलडोझर, त्या एकाच भिंतीत भेटतात.

१९६६ मध्ये अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'फीबीज' उघडला आणि फॉल्समवर लेदर बारांची रांगच लागली. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची एक प्लास्टरची प्रतिकृती घेऊन माइक कॅफी या शिल्पकारानं तिच्यावर लेदर जाकीट, टोपी आणि बूट चढवले. हा 'लेदर डेव्हिड' फीबीजचं बोधचिन्ह झाला, त्याच्या प्रती विकल्या गेल्या आणि अजून संग्राहकांकडे सापडतात. सत्तरच्या दशकात या पट्ट्याला 'मिरॅकल माइल' म्हणत.

---

निळी शाई

धागा उत्तम. एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती: "सप्टेंबरचा शेवटचा रविवार" हे आजचं. पहिली जत्रा २३ सप्टेंबर १९८४ ला झाली आणि त्या महिन्यात ३० तारखेलाही रविवार होता. परंपरा पहिल्या दिवसापासून जशीच्या तशी चालत आली, असं समजू नये.

भर: तारखेचं महत्त्व वेगळंच आहे. त्यानंतर १६ दिवसांनी, ९ ऑक्टोबर १९८४ ला, शहराचे आरोग्य संचालक मर्व्हिन सिल्व्हरमन यांनी बाथहाउस (समलिंगी पुरुष भेटायचे ती स्नानगृहं) आणि सेक्स क्लब मिळून १४ ठिकाणं बंद करण्याचा आदेश काढला. म्हणजे वस्तीतल्या भेटण्याच्या जागा चारही बाजूंनी आकसत होत्या. त्याआधी १० जुलै १९८१ ला हॅलम स्ट्रीटवर मोठी आग लागली होती. सुरुवात बंद पडलेल्या 'बॅरॅक्स' बाथहाउसच्या इमारतीत झाली आणि आजूबाजूची घरं जळाली. आत लोक साखळ्यांनी बांधलेले असतील अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत रंगली. एकही मृतदेह सापडला नाही. घर गेलेल्या शेजाऱ्यांपेक्षा त्या साखळ्यांनाच जास्त जागा मिळाली.

तेव्हा "एड्समुळे लेदर संपलं" असं जे म्हणतात ते अर्धसत्य. रोगानं माणसं नेली हे खरंच, पण जागा भाव वाढल्यामुळेही गेल्या. मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांनी सोमावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचं म्हणणं साधारण हेच आहे. पुनर्विकासाचा दाब रोगाच्या आधीपासून होता.

---

पोटमाळा

आठ ते तेरा म्हणजे पाचच ब्लॉक झाले ना? सगळीकडे "१३ ब्लॉक" लिहिलेलं असतं. आणि 'डोअर अ‍ॅली' म्हणतात ती हीच का?

---

मेघदूत_४१५

@पोटमाळा, पाच ब्लॉक फॉल्समवरचे. बाकीचे आडव्या रस्त्यांचे तुकडे. दोन्ही बाजूंचे आडवे रस्ते बंद केल्याशिवाय फॉल्सम बंद होतच नाही, मग त्याच तुकड्यांत मंच आणि स्टॉल लावतात.

सोमाचा ब्लॉक म्हणजे काय, हेही लक्षात घ्या. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला मूळ आखणीतच ब्लॉक ८२५ बाय ५५० फूट ठेवले, उत्तरेच्या ब्लॉकच्या चौपट क्षेत्रफळाचे. एवढ्या मोठ्या तुकड्याच्या पोटात जायला वाट हवी, म्हणून नंतर मधून गल्ल्या काढल्या: रिंगोल्ड, डोअर, हॅलम, लँग्टन. मोठ्या रस्त्यावर कारखाने आणि गल्लीत घरं, असा सोमाचा साचा आहे. बार सुटल्यावर लोक रेंगाळायचे ते याच गल्ल्यांत.

डोअर अ‍ॅलीची जत्रा वेगळी. तिचं नाव 'अप युअर अ‍ॅली'. १९८५ मध्ये रिंगोल्डवर सुरू झाली, १९८७ मध्ये डोअरला गेली, जुलैच्या शेवटच्या रविवारी भरते. आकारानं लहान, स्वभावानं जास्त उघडीवाघडी, पर्यटक कमी. १९९० मध्ये दोन्ही जत्रा एका संस्थेखाली आल्या, तीच पुढे 'फॉल्सम स्ट्रीट इव्हेंट्स'. माझ्या मते जत्रेचा स्वभाव बदलला तो इथे. वस्तीची जत्रा मागे पडली, लेदरची पुढे आली. त्यात वाईट काही नाही, पण वुल्फ हाउसमधला म्हातारा भाडेकरू पोस्टरवरून गायब झाला तो तेव्हापासून.

---

केतकी_ब

सगळं पुरुषांभोवतीच फिरतंय, म्हणून लिहिते.

सॅन फ्रान्सिस्कोत 'सोसायटी ऑफ जेनस' ही बीडीएसएमची, म्हणजे बांधणं, वेदना, वर्चस्व अशा संमतीच्या लैंगिक खेळांची संस्था १९७४ मध्ये निघाली. सिंथिया स्लेटर आणि लॅरी ओल्सन यांनी काढलेली ही संस्था स्त्री-पुरुष दोघांनाही खुली होती, कोणत्याही लैंगिक कलाच्या. १९७८ मध्ये 'सॅमॉय' ही असेच खेळ खेळणाऱ्या लेस्बियन स्त्रियांची संघटना झाली. गेल रुबिन आणि पॅट कॅलिफिया तिच्या संस्थापकांत. तिचं भांडण पोलिसांपेक्षा स्त्रीवाद्यांशीच जास्त झालं: संमतीनं केलेला खेळ आणि अत्याचार एकच का? ऐंशीच्या दशकातल्या त्या वादातून आलेली भाषाच आज जत्रेच्या फलकांवर दिसते. आधी विचारा, हो म्हटल्यावरच हात लावा, 'नाही' ऐकलं की थांबा. पोशाख हा होकार नव्हे. ही शिस्त आयोजकांनी वरून लादलेली नाही, समुदायाच्या बैठकांत पन्नास वर्षं घासून तयार झाली आहे.

आजच्या जत्रेत स्त्रिया, पारलिंगी आणि नॉनबायनरी (स्वतःला ना स्त्री ना पुरुष मानणाऱ्या) लोकांसाठी वेगळं आवार असतं. गर्दीच्या पुरुषी धक्क्यातून सुटका म्हणून त्याची गरज होतीच.

---

खडूस आजोबा

इतिहास वगैरे ठीक. पण भर रस्त्यात नागडं फिरायला पोलीस परवानगी कशी देतात? आणि जत्रेचा पैसा "धर्मादाय" कामाला जातो हा मुलामाच वाटतो.

---

निळी शाई

आजोबा, कायद्याचं आधी सांगतो. शहरानं सार्वजनिक नग्नतेवर बंदी घातली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पर्यवेक्षक मंडळात, म्हणजे तिथल्या नगरसभेत, ६ विरुद्ध ५ मतांनी ती मंजूर झाली, १ फेब्रुवारी २०१३ पासून लागू. ठराव पर्यवेक्षक स्कॉट वीनर यांचा. त्याच ठरावात परवानगी घेतलेल्या मिरवणुका आणि जत्रांना सूट आहे. म्हणून त्या रविवारी फाटकाच्या आत चालतं आणि सोमवारी त्याच फुटपाथवर दंड होतो. सूट फक्त नग्नतेला. उघड्यावर संभोग तिथेही गुन्हाच.

परवानगी म्हणजे एक कागद नाही. रस्ता बंद करायचा अर्ज वाहतूक, पोलीस, अग्निशमन वगैरे खात्यांच्या संयुक्त समितीपुढे जातो. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, दारूची राज्याच्या खात्याकडून वेगळी. अग्निशमन दलाची अट सगळ्यात जाचक: रस्त्याच्या मधोमध १४ फुटांची वाट बंबासाठी कायम मोकळी हवी. स्टॉलची खोली, मंचाची दिशा, रांगा कुठे वळवायच्या, सगळं त्या १४ फुटांवरून ठरतं. दरवर्षी बोंब होते ती याच ठिकाणी. कोणी स्टॉलपुढे दोन फूट टेबल सरकवतं, तिथे प्रात्यक्षिक बघायला घोळका जमतो आणि वाट बुजते. म्हणून प्रात्यक्षिकाचे चौथरे आडव्या रस्त्यांत सारणं शहाणपणाचं.

दुसरा शत्रू वारा. दुपारी तीननंतर समुद्रावरून येतो. डांबरात खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे दहा बाय दहाच्या तंबूच्या प्रत्येक पायाला निदान १८ किलो वजन लागतं. पाण्याचे कॅन बांधून भागवणारे फसतात, कारण दोर सैल राहिला की आधी तंबू उचलला जातो आणि मग कॅन.

---

चर्मवाद्य

पैशाचं मी सांगतो. तिकीट नाही. फाटकावर देणगी मागतात. दिली की स्टिकर मिळतो आणि आत पेयांवर थोडी सूट. नाही दिली तरी अडवत नाहीत. फाटकावर अनेक वर्षं 'सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स' उभ्या असतात: नन्सच्या वेशातले, चेहरे पांढरे रंगवलेले स्वयंसेवक, १९७९ पासूनची संस्था. एवढ्या मेकअपमधल्या बाईसमोरून खिशात हात न घालता पुढे जाणं अवघड असतं, हिशेब बरोबर आहे. फाटकं आणि पेयांचे स्टॉल स्थानिक संस्थांचे स्वयंसेवक चालवतात आणि जमलेल्या पैशातला वाटा त्यांच्या संस्थेला जातो. काही वर्षं ही रक्कम तीन लाख डॉलरच्या वर गेली. मुलामा म्हणा हवं तर, पण त्यात एचआयव्ही सेवा चालल्या.

प्रायोजकांचा वाद मात्र खरा. २००७ चं पोस्टर लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'वर बेतलेलं होतं. लांब टेबल, मागे लेदरमधली वेगवेगळ्या वर्णांची माणसं, टेबलावर भाकरी-वाइनऐवजी लैंगिक खेळणी. कॅथलिक लीगनं देशभर बोंब ठोकली, 'मिलर' बिअर कंपनीनं पोस्टरवरून आपलं चिन्ह काढायला लावलं. जुनी मंडळी तेव्हा म्हणालीच, बिअरवाल्यांच्या जिवावर जत्रा मोठी केली की असा दिवस येणारच.

---

गिरगावकर

ऑक्टोबर-सप्टेंबरमध्ये तिकडे येणं होतंय. बघायला जायचं तर व्यवहाराचं सांगा. आणि तो काळ्या-निळ्या पट्ट्यांचा झेंडा कसला?

---

मेघदूत_४१५

बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेनं सिव्हिक सेंटरला उतरा, आठव्या रस्त्यानं दक्षिणेला चाला. मिशन, हॉवर्ड, मग फॉल्सम, दहा मिनिटं. गाडी आणू नका. दारू प्यायची तर वय २१ आणि मूळ ओळखपत्र, पासपोर्ट चालतो. दुपारी १२ च्या आत पोचलात तर रस्ता दिसेल, २ नंतर फक्त पाठी दिसतात. सप्टेंबर हा तिथला गरम महिना. ऊन चढलं की काळं लेदर तापतं, पाणी जवळ ठेवा. तीननंतर वारा सुटतो, तेव्हा साधं जाकीट हवं.

साधे कपडे चालतात. चालत नाही ते न विचारता फोटो काढणं. रस्ता सार्वजनिक आहे, कायद्यानं अडवता येत नाही, पण रीत अशी: नजर भेटवा, कॅमेरा दाखवा, मान हलली तरच काढा. अनेकांची नोकरी किंवा घरचे त्या फोटोवर अवलंबून असतात. आपल्या लोकांनी व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे दोनदा आठवावं.

झेंडा लेदर समुदायाचा, टोनी डिब्लेस यांनी केलेला, २८ मे १९८९ ला शिकागोच्या 'इंटरनॅशनल मिस्टर लेदर' सोहळ्यात पहिल्यांदा दाखवला. नऊ आडवे पट्टे, काळा-निळा आलटून पालटून, मधला पांढरा, डाव्या कोपऱ्यात वर लाल हृदय. रंगांचा अर्थ त्यांनी मुद्दाम सांगितला नाही, ज्यानं त्यानं लावावा म्हणून. त्यामुळे जालावरची "काळा म्हणजे अमुक" छाप कोष्टकं नंतरची.

---

पोटमाळा

अवांतर: तिथून घेतलेलं लेदरचं व्हेस्ट इकडे पावसाळ्यात टिकतं का? मुंबईत दोन महिन्यांत पांढरी बुरशी धरते असं ऐकलंय.

---

चर्मवाद्य

टिकतं. बुरशी धरते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यामुळे. घाम आणि ओल आतच राहते. जुन्या सुती उशीचा अभ्रा घ्या, रुंद हँगरवर टांगा, खिशात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरवड्याला कोरड्या दिवशी पंख्याखाली बाहेर काढा.

धरलीच तर खिडकीबाहेर कोरड्या मऊ फडक्यानं झटका, नाहीतर बीजं कपाटभर उडतात. मग पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समसमान, फडकं नुसतं ओलसर. आधी आतल्या शिवणीजवळ रंग सुटतो का ते पाहा. पुसून सावलीत चोवीस तास, त्यानंतरच कंडिशनरचा पातळ हात. उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवलं तर चामडं आखडतं आणि कोपरात तडे जातात. खोबरेल तेल लावू नका. थंडीत गोठतं, खवट वास येतो आणि बुरशीला खाद्य.

---

केतकी_ब

मूळ विषयाकडे. आज तिथे यातलं काय उरलंय? आणि कोविडमध्ये काय झालं?

---

निळी शाई

२०२० ला रस्त्यावर जत्रा नव्हती. २०२१ ला लहान प्रमाणावर भरवली आणि नाव दिलं 'मेगाहूड २०२१'. २०२२ पासून पुन्हा पूर्ण. तिच्या नावाची भावंडं न्यूयॉर्कला 'फॉल्सम स्ट्रीट ईस्ट' आणि बर्लिनच्या शोनेबर्ग भागात 'फॉल्सम युरोप'.

बार बरेच गेले. 'ईगल' २०११ मध्ये बंद पडला, २०१३ मध्ये पुन्हा उघडला आणि २०२१ मध्ये शहराचं अधिकृत वारसास्थळ झाला. २०१८ मध्ये शहरानं 'लेदर अँड एलजीबीटीक्यू कल्चरल डिस्ट्रिक्ट' जाहीर केला. त्याआधी २०१६ मध्येच शेजारी फिलिपिनो वारशाचा 'सोमा पिलिपिनास' झाला होता. १९८४ मध्ये एका रस्त्यावर आणलेले शेजारी आता नकाशावर वेगवेगळ्या रंगांत आहेत.

बघायचंच तर जत्रेच्या दिवशी नको, आदल्या दिवशी सकाळी रिंगोल्ड गल्लीत जा, आठव्या आणि नवव्या रस्त्यांच्या मध्ये. २०१७ मध्ये तिथे स्मारक केलंय. फुटपाथच्या जुन्या ग्रॅनाइटच्या काठांचेच उभे दगड करून त्यांवर बंद पडलेल्या बारांची आणि दुकानांची नावं कोरली आहेत. काळ्या दगडावर आर्नेटच्या टूल बॉक्समधल्या भिंतचित्राची प्रतिमा आहे. आणि कडेनं पितळी रंगाचे ब्राँझचे बुटांचे ठसे, २८ माणसांचे.

---

खडूस आजोबा

टूल बॉक्सची भिंत पाडली शहरानं आणि तिचं चित्र कोरलं तेही शहराच्याच फुटपाथवर. वाचलं सगळं. नागडे शब्द मागे घेतो, तंबूला १८ किलो लक्षात ठेवतो. आमच्या सोसायटीचा गणपतीचा मांडव गेल्या वर्षी उडाला.